विचारून देणे

देण्यापूर्वी घेणाऱ्याला विचारावे, हे आता सर्वमान्य झाले आहे. इतके की त्यात काही अवघड असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. मलाही येत नव्हती.

मी एका लहानशा विश्वस्त निधीच्या समितीवर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही महिला बचतगटांना आम्ही दरवर्षी थोडेफार अनुदान देतो. वर्षअखेर एक छापील कागद पाठवीत असू: समाधानी, अंशतः समाधानी, असमाधानी. सारे कागद 'समाधानी' म्हणून परत येत आणि आम्हीही समाधानाने ते फायलीत लावीत असू. पुढे एकदा नागभीडकडच्या गावी गेलो, तो आम्ही दिलेली शिवणयंत्रे धानाच्या पोत्यांआड उभी. मग कागदावर तसे का लिहिलेत, असे विचारताच एक वृद्ध बाई म्हणाली, "हो म्हनलं त तुमी पुढच्या साली येता जी, नाई म्हनलं त येत नाई. मंग आमी काय सांगाव?"

प्रश्न आम्ही विचारीत होतो, पण खऱ्या उत्तराची किंमत तिला मोजावी लागणार होती. अशा प्रश्नाला प्रश्न तरी कसे म्हणावे? तो नम्रतेचा पोशाख घातलेला हुकूमच.

परतताना मला शेजारच्या गडचिरोलीची आठवण झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे काम आरंभिले. आदिवासींतील सिकलसेल या रक्तविकाराचा त्यांनी शोध घेतला. शास्त्र म्हणून ते काम मोलाचे होते. पण हा प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, तो आपलाच होता, हे पुढे डॉ. बंगांनीच सांगितले. तुम्ही दवाखान्यात का येत नाही, असे मग त्यांनी गोंड लोकांना विचारले. उत्तरे कोणत्याही वास्तुशास्त्रज्ञाला सुचली नसती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातलगांना रोग्यापाशी राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढरे कापड प्रेतावर घालतो! शोधग्रामचा दवाखाना मग गोंडी वस्तीसारखा झोपड्यांचा झाला, नातलग रोग्यापाशी राहू लागले आणि दवाखान्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे.

येथे एक गोष्ट निसटू देऊ नये. हिवतापावर कोणते औषध द्यावे, हे त्यांनी लोकांच्या मतावर सोडले नाही. ऐकणे म्हणजे आपली बुद्धी गहाण टाकणे नव्हे. पण आपल्या देण्यातले ज्ञान कोणते आणि निव्वळ सवय कोणती, हे देणाऱ्याला स्वतःहून कधीच कळत नाही. पांढरा डगला हा वैद्यकाचाच भाग आहे, असे आपण समजून चालतो.

त्याच धानोरा रस्त्याने पुढे गेले की मेंढा (लेखा) लागते. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, अभ्यासगटात बाहेरच्यांचे म्हणणे ऐकून घेते, पण निर्णय आपल्याकडे ठेवते. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मात्र २०११ च्या एप्रिलपर्यंत भांडून मिळवावा लागला. कागदावर हक्क दिला आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवली, हा दात्यांचा फार जुना रोग आहे. परंतु मेंढ्याचे मला अधिक अप्रूप वाटते ते वेगळ्याच कारणाने. गावकरी मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामसभेच्या कोषात टाकत आले आहेत. ज्याचा स्वतःचा कोष आहे त्याला 'नाही' म्हणता येते, आणि ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो'ला काही अर्थ असतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी योजनांतला पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरविले, त्याच्या मुळाशी हाच विचार असावा, असे मी धरून चालतो.

आमच्या समितीत यावर बरेच दिवस कडाक्याचा वाद झाला. पैसा लग्नात उडेल, देवळात जाईल, असे एक सभासद म्हणाले. जाईलही. दारूला मात्र आम्ही देणार नाही, हे आधीच सांगून टाकू, असे मी म्हटले. देणाऱ्यालाही सदसद्विवेक असतो, तो लपवून का ठेवावा? अखेर बाबींची यादी रद्द केली. रक्कम तीन वर्षांसाठी आधीच बांधून दिली, म्हणजे खरे बोलल्याचा भुर्दंड कोणावर पडू नये. छापील कागदही बंद केला.

नागभीडकडच्या त्या बायकांनी पैसा मोहफुले धरून ठेवायला वापरला. वेचणीच्या हंगामात गरजेपोटी मोहफूल मिळेल त्या भावाने द्यावे लागते. चार महिने थांबता आले तर भाव बरा येतो. पहिल्या वर्षी थोडी फुले ओल लागून सडली. ते त्यांनी आपण होऊन सांगितले. शिवाय तुम्ही चैत्रात सभेला येता तेव्हा आम्ही पहाटेपासून मोहाखाली असतो, तेव्हा यापुढे पाऊस लागल्यावर या, असेही बजावले. यंदा आम्ही आषाढात गेलो.