टाकीचे झाकण आणि शौचधर्म

परवा कीर्तन आटोपल्यावर एका गृहस्थांनी आम्हांस प्रश्न केला, "बुवा, संडासची टाकी आमच्या अंगणात, आमच्या पैशाने बांधलेली. ती उघडून पाहण्याचा नगरपालिकेच्या माणसाला अधिकार काय? आमच्यावर विश्वास नाही काय?" मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण पुढे सांगतो.

विषय हसण्यावारी नेण्याचा नव्हे. पतंजलींनी यमांत पहिली अहिंसा सांगितली आणि नियमांत पहिले शौच. या दोहोंचा संबंध या टाकीपाशी येतो.

आधी पूर्वपक्ष पाहू. जो धर्माने वागतो त्याच्यावर पहारा कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण टाकीचा स्वभाव पाहा. तीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी तेवढे शोषखड्ड्यात जाते. गाळ वाढत गेला की पाणी स्थिर व्हायला जागा उरत नाही आणि मैला तसाच बाहेर वाहू लागतो. घरात काही तुंबत नाही, म्हणून घरधनी अभिमानाने सांगतो, "आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही!" अहो, भरली नाही, म्हणजे मैला कुठे तरी निघून जातो आहे! तो शेजाऱ्याच्या आडात जातो, ओढ्यात जातो, नदीत जातो. टाकी आपली, पण जमिनीखालचे पाणी सर्वांचे. ज्या दोषाचे फळ दुसऱ्याने भोगायचे आणि कर्त्याला तो दिसायचाही नाही, तेथे एकट्या कर्त्याची साक्ष पुरत नाही. दुकानदार सचोटीचा असला तरी त्याच्या वजनमापांवर सरकारी शिक्का लागतोच. त्यात त्याचा अपमान कोण मानतो?

म्हणून जाणकार सांगतात, दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी. कृष्णाकाठच्या वाईत २०१८ साली नगरपालिकेने घरोघरची पाळीच बांधून दिली. दर तीन वर्षांनी प्रत्येक घरची टाकी उपसायची, खर्च कराच्या रूपाने सर्वांनी वाटून घ्यायचा आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात न्यायचा. तुंबण्याची वाट पाहायची नाही.

आता आमची गोष्ट. आमच्या घरची टाकी बारा वर्षे उघडली नव्हती. उघडली तेव्हा गाळ दगडासारखा बसलेला. गाडीची नळी काही ओढेना. गाडीवरचा पोरगा म्हणाला, "बुवा, पाचशे जास्त द्या, मी उतरतो." आम्ही मान हलवणारच होतो. तेवढ्यात सूनबाई आतून धावत आल्या, "मामंजी, उतरवू नका त्याला, आत विषारी वायू असतो." पाणी सोडून, गाळ ढवळून दोन दिवसांनी काम झाले; पण त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. संरक्षक साधनांवाचून कोणाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवा. जन्मभर अहिंसेवर निरूपण केले आणि शौचातल्या आळसापायी एका आईच्या लेकराचा जीव घेणार होतो! वेळेवर उपसलेल्या टाकीत कोणाला उतरावे लागत नाही. पालिकेची नोंदवही त्या पोराच्या प्राणासाठीही आहे, हे आम्हांस तेव्हा उमगले.

अर्थात पालिकेवरही ऋण आहेच. आमचे झाकण उघडणाऱ्याने गाळ कोठे जातो तेही उघड दाखवावे. घरचा मैला उपसून गावच्या ओढ्यात ओतला, तर ती तपासणी नुसते सोंग. हे विचारण्याचा अधिकार आपला. पण आपली टाकी वेळेवर उपसणाराच तो विचारू शकतो.

दिवसा हाती खराटा आणि रात्री कीर्तन, अशी गाडगेबाबांची रीत होती. आपल्या वाट्याला तर खराटाही नाही, नुसते झाकण उघडून देणे आहे. तेव्हा वाचकहो, वारीला निघताना घराची कुलपे पाहता तशी टाकी उपसल्याची तारीखही पाहा, आणि पालिकेचा माणूस दारी आला तर त्याला आधी पाणी द्या. इत्यलम्.