पट्टा कुठे संपतो?

आलेखावर एखादा काळ ठळक करणं पायथॉनमध्ये एका ओळीचं काम आहे. मॅटप्लॉटलिबमधल्या 'अ‍ॅक्सव्हीस्पॅन'ला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यायची, रंग सांगायचा. रेषेमागे फिकट पट्टा उमटतो. शेवटची तारीख दिली नाही, तर मात्र कोड चालतच नाही.

आता मुंबईतल्या गिरणी संपाचा पट्टा काढून बघा. सुरुवात पक्की : 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. शेवट? हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पण कोडला तारीख हवी असते, म्हणून आपण ती देतो.

पनवेलजवळच्या कोनमध्ये हा प्रश्न पुन्हा भेटतो. तिथल्या 2,417 घरांची सोडत म्हाडाने गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी डिसेंबर 2016 मध्ये काढली. 2020 मध्ये त्याच इमारती कोविडच्या विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. सोडतीला पाच वर्षं झाली, तरी ताबा मिळालेला नव्हता. राज्याच्या आलेखात कोविडचा पट्टा एप्रिल 2022 ला, निर्बंध उठले तिथे, थांबवता येईल. चावीची वाट बघणाऱ्या घरात तो तिथे थांबत नाही. आणि त्यांच्या प्रतीक्षेचा पट्टा सुरू कुठून करायचा : 2016 पासून, की 1982 पासून?

अमेरिकेत मंदीचे राखाडी पट्टे एनबीईआर या संस्थेच्या समितीने ठरवलेल्या तारखांवरून काढतात. त्यांच्या हिशेबाने 2020 ची मंदी फेब्रुवारी ते एप्रिल, दोनच महिने. याचा अर्थ एवढाच की घसरण थांबली. माणसं सावरली असा नाही. आपला डोळा मात्र पट्ट्यापलीकडची पांढरी जागा 'आता सगळं ठीक' अशीच वाचतो.

कुणी म्हणेल, असं बघितलं तर कुठलाच पट्टा संपणार नाही आणि आलेख नुसता रंगाने भरून जाईल. खरंय. तारीख निवडावीच लागते. पण ती कोणत्या मोजमापाने निवडली, हे पट्ट्याशेजारी लिहिता येतं : 'उत्पादन सुरू झालं', 'निर्बंध उठले', 'चावी मिळाली'. शेवट झालेलाच नसेल, तर पट्टा आलेखाच्या कडेपर्यंत न्यावा आणि तसं सांगावं.

दुसऱ्याचा वाईट काळ संपला, असं जाहीर करणं ही मोठी सत्ता आहे. ती वापरताना निदान आपलं मोजमाप तरी लपवू नये.