गळासाठी पाळलेले मासे

माझ्या बाल्कनीत साठ लिटरचा फिश टँक आहे. त्यात बोटभर लांबीच्या सात चिलाप्या. शोभेच्या नव्हेत. रविवारी धरणावर मरळ धरायला जातो, तेव्हा गळाला लावायच्या.

जिवंत आमिष घरात टिकवणं सोपं नाही. माझी पहिली खेप तीन दिवसांत मेली. नळाचं पाणी थेट ओतलं होतं. त्यातल्या क्लोरीनने कल्ले जळतात. आता पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवतो. खाणं जास्त झालं की ते कुजून अमोनिया वाढतो, आणि मासे वर तोंड काढून धापा टाकतात. तो अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला काही आठवडे लागतात. तोवर धीर धरायचा, पाव टँक पाणी बदलत राहायचं. हल्ली एकही मरत नाही. याचा मला अभिमान होता.

आईने विचारलं, "यांना पाळतोयस की पोसतोयस?"

"जत्रेचा बोकडही पोसतातच की," मी म्हणालो. पण बोकड धष्टपुष्ट हवा तो मटणासाठी, आणि तो एका घावात संपतो. चिलापी सुदृढ हवी ती पाठीत गळ टोचल्यावर जास्त वेळ तडफडावी म्हणून. तडफड बघूनच मरळ येते. म्हणजे आठवडाभर मी जपत होतो ती तिची तडफड.

माशांना दुखतं का? 2003 साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत आम्ल टोचलं. काही मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले, बराच वेळ त्यांनी खाणं सोडलं. स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून लावायला कायद्याने बंदी आहे.

तुम्ही म्हणाल, मरळही गळालाच लागते ना? लागते, आणि मी ती चवीने खातो. त्याने माझी झोप उडत नाही. पण मरळ मला ओळखत नाही. चिलाप्या मात्र काचेवर बोट टेकवलं की सातही धावत येतात. विश्वास म्हणणं जास्त होईल, सवय म्हणा. पण ती मी लावली, आणि त्या सवयीमुळेच त्या जाळीत पटकन सापडतात.

गेल्या रविवारी रबरी बेडूक घेऊन गेलो. दिवसभर उन्हात बसून रिकाम्या हाताने परतलो. आई म्हणते, आता यांचं काय? चिलापी चांगली हातभर वाढते, हा टँक पुरायचा नाही. धरणात सोडाव्यात, तर टँकमधला एखादा रोग तिकडे जायचा. मोठ्या टँकचे भाव बघतोय. आमिषाची बादलीही धुऊन ठेवली आहे.