थपडेचा हिशेब

हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, सांगणाऱ्या सहाबींमध्ये (पैगंबरांच्या सोबत्यांमध्ये) जाबिर बिन अब्दुल्लाह यांचं नाव फार वरचं. मदीनेच्या खजरज टोळीतले हे अन्सारी. दीड हजारांहून अधिक हदीस त्यांच्या नावावर आहेत. एवढा साठा असलेल्या माणसाने एका हदीससाठी उंट विकत घेतला आणि महिनाभर प्रवास करून शाम (सीरियाचा प्रदेश) गाठलं. अब्दुल्लाह बिन उनैस तिथे राहत. ही हदीस त्यांनी थेट पैगंबरांच्या तोंडून ऐकली होती. दारात जाबिर उभे आहेत हे कळताच ते लगबगीने बाहेर आले, दोघांनी मिठी मारली. मग जाबिर यांनी येण्याचं कारण सांगितलं: ती ऐकण्याआधीच तुम्ही किंवा मी मरून जाऊ, अशी धास्ती होती.

या प्रवासाकडे ज्ञानाची तहान म्हणून पाहतात. ते खरंच आहे. मला मात्र त्या हदीसचा विषय जास्त बोलका वाटतो. कयामतच्या दिवशी माणसं उघडी, रिकाम्या हाताने उभी राहतील. जन्नतमध्ये जायला निघालेल्यालाही कुणाचं काही देणं असेल, तर ते फिटल्याशिवाय आत जाता येणार नाही. मग ते देणं एका थपडेचं का असेना. ऐकणाऱ्यांनी विचारलं, हातात काहीच नसताना फेडायचं कशाने? उत्तर होतं, पुण्याने आणि पापाने.

देणं म्हणजे काय, हे जाबिर यांना कुणी शिकवायला नको होतं. 625 साली उहुदच्या लढाईत वडील पडले. मागे राहिल्या लहान बहिणी आणि खजुरांचं कर्ज. घेणेकरी बागेतल्या पिकावर समाधान मानेनात. तेव्हा पैगंबर स्वतः बागेत आले, खजुरांचे ढीग लावायला सांगितले, मापं घातली गेली. कर्ज फिटून खजूर उरले, असं जाबिरच सांगतात. तरुण वयात त्यांनी लग्नही केलं ते आधी संसार केलेल्या बाईशी. का, तर बहिणींच्या वेण्या घालील, त्यांना सांभाळील अशी कुणीतरी घरात हवी होती. (आपल्या हौसेचा विचार त्यात कुठेच नाही, हे वाचताना थबकायला होतं.)

ज्याच्या दारात घेणेकरी उभे राहिले, त्यालाच ही हदीस महिन्याच्या वाटेवर ओढून नेऊ शकते. आपण पैशाचं देणं वहीत लिहितो. रागात उगारलेला हात, चारचौघांत केलेला पाणउतारा यांची नोंद आपल्याकडे नसते. ती ज्याने सोसलं त्याच्याकडे असते.

म्हातारपणी जाबिर यांची दृष्टी गेली, तरी शिकवणं थांबलं नाही. पैगंबरांचे खापरपणतू मुहंमद अल-बाकिर त्यांच्याकडे आले, तेव्हा पैगंबरांच्या अखेरच्या हजचं सविस्तर वर्णन त्यांनी याच वृद्धाकडून ऐकलं. इमाम बुखारींनी शामच्या त्या प्रवासाचा उल्लेख आपल्या संग्रहात ज्ञानाच्या प्रकरणात केला आहे. मला विचाराल तर तो देण्याघेण्याच्या प्रकरणातही शोभला असता.