वर्गाची सहल

शाळेनं मुलांना परदेशी सहलीला न्यावं का, यावर आमच्या बेळगावात दोन तट आहेत. एक म्हणतो, जग जवळ आलंय, मुलांनी ते लवकर बघावं. दुसरा म्हणतो, किल्ल्यातली कमल बस्ती बघितली नाही, गोकाकचा धबधबा बघितला नाही आणि चालले सिंगापूरला! मला या वादात रस नाही. मुलांनी कमल बस्तीही बघावी आणि सिंगापूरही. माझी अडचण 'शाळेची सहल' या दोन शब्दांतल्या पहिल्या शब्दापाशी आहे.

माझ्या पुतणीची मुलगी आठवीत शिकते. पुतणी बँकेत नोकरीला, रजा मिळाली नाही, म्हणून सहलीच्या पालकसभेला मी गेले. ट्रॅव्हल कंपनीचा एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. मर्लायन, सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओज, गार्डन्स बाय द बे. पाच रात्री, माणशी सव्वा लाख. चित्रं संपली आणि बायकांनी जेवणाचा विषय काढला. कांदा-बटाटा नसलेलं मिळेल का, लसूण वेगळी ठेवतात का, सूर्यास्ताआधी जेवायला घालाल का. पोरगा तयारीचा होता. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून असल्यानं तिथं बाराही महिने सातच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा साडेसहाला पानं मांडू, म्हणाला. पाऊण तास यावर गेला. आयांच्या त्या काळजीची मी टिंगल करत नाही. माझ्या मुलांच्या वेळी मीही हेच विचारलं असतं. पण बेचाळीस मुलांच्या वर्गातली सतरा जाणार होती. उरलेली पंचवीस त्या दिवसांत काय करणार, हे कुणी विचारेना. शेवटी मी विचारलं. "त्यांची रिव्हिजन घेऊ," असं उत्तर आलं.

बाहेर पडताना शहापूरची एक बाई सोबत आली. साड्यांना फॉल-पिको करून देते. माझ्याही साड्या तिच्याकडेच जातात. तिची मुलगी याच वर्गात. रिक्षाची वाट बघताना हळूच म्हणाली, "अक्का, भिशी उचलू काय?"

भिशी मुलीच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी होती, हे मला माहीत होतं.

आता इथं धर्माचं नाव घेऊन बोलणारी माणसं भेटतात. मंदिरात एका आजोबांनी दिग्व्रताची आठवण करून दिली. श्रावकानं दिशांची मर्यादा घालून घ्यावी, अमुक नदीपलीकडं, अमुक डोंगरापलीकडं जाणार नाही असं ठरवावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या सासूबाईंनी ते व्रत घेतलं होतं आणि निभावलंही. आजोबांचं म्हणणं, त्या मुलीच्या आईनं मुलीला संतोष शिकवावा. मला हे पटलं नाही. व्रत आपण होऊन घ्यायचं असतं. ज्याला जाता येतं तो न जाण्याचं ठरवतो, तेव्हा ती मर्यादा. जिला जाताच येत नाही तिला मर्यादेचं कौतुक सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचं पुण्य सांगणं. परिग्रहाचं परिमाण करायलासुद्धा आधी हातात काहीतरी असावं लागतं. ही गोष्ट सांगायचीच तर त्या सतरा मुलांच्या घरी सांगावी. तिथं मात्र आपण जेवणाची चौकशी करतो.

शिवाय त्या मुलीला हवं होतं काय? सिंगापूर? तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून नाही, वस्तूच्या आसक्तीवरून सांगितली आहे. त्या मापानं बघितलं तर पोरीला सिंगापूरची आसक्ती नव्हतीच. उद्या वर्गच्या वर्ग दांडेलीला गेला असता तर तिनं सिंगापूरचं नावही काढलं नसतं. आपल्या बाकावरच्या मैत्रिणी जिथं जातात तिथं आपण असावं, एवढंच. याला मी लोभ म्हणणार नाही.

एक पालक, सुशिक्षित, शांत गृहस्थ, मला म्हणाले, "काकू, पंचवीस जात नाहीत म्हणून सतरांनीही घरी बसायचं? यात पंचवीसांचं काय भलं झालं?" प्रश्न खरा आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेतल्यानं आपलं पोट भरत नाही. तेच गृहस्थ आपल्या मुलाला मे महिन्यात लंडनला नेणार असतील तर माझी काही हरकत नाही. घर हे घरच्या ऐपतीवर चालतं. पण वर्ग? वर्गात मुलं कशी बसतात? उंचीनं, हजेरीपटानं, फार तर बाईंच्या मर्जीनं. बापाच्या खिशाप्रमाणं ओळी लावल्या तर आपण शाळेवर मोर्चा नेऊ. मग सहलीच्या यादीत तेच झालं तर आपल्याला का खपतं? गणवेश तरी कशासाठी घालायला लावतो आपण?

हा पेच जगात इतरांनाही पडलेला आहे. स्वीडनमध्ये शाळेचं शिक्षण कायद्यानंच मोफत. एखाद्या वेळचा किरकोळ खर्च सोडला तर शाळेला पालकांकडं पैसे मागता येत नाहीत. म्हणून तिथं मुलं बिस्किटं, केक असलं काहीबाही विकून वर्गाच्या नावानं पैसे जमवतात, आणि जमतील ते सगळ्यांचे. जर्मनीत गरीब घरांतल्या मुलांच्या वर्गसहलीचा खर्च 2011 पासूनच्या योजनेत सरकार उचलतं. इंग्लंडमध्ये शाळेच्या वेळात होणाऱ्या सहलीसाठी पालकांकडून ऐच्छिक वर्गणी मागता येते, पण ती दिली नाही म्हणून मुलाला मागं ठेवता येत नाही. श्रीमंत देश आहेत, त्यांना परवडतं, असं म्हणता येईल. पण आमच्या शाळेला सव्वा लाखाची सहल परवडते, आणि चाळीस मुलांनी मिळून चिवडा विकून बदामी-ऐहोळेला जाण्याचं मात्र सुचत नाही, यात गरिबी कुठं आली?

आणि ज्या शहरात ती सतरा मुलं जाणार होती ते शहर तरी कसं? तिथले बहुतेक लोक सरकारनं बांधलेल्या इमारतींतल्या घरांत राहतात. चिनी, मलय, भारतीय वेगवेगळ्या वस्त्या करून राहू नयेत म्हणून 1989 पासून प्रत्येक इमारतीत कुणाची किती घरं असावीत याचं प्रमाण ठरवून दिलं आहे. घर विकताना लोकांना त्याचा जाच होतो, तक्रारीही होतात; तरी शेजार मिसळलेला असावा हा आग्रह सोडलेला नाही. मुलांना दाखवण्यासारखं सिंगापूर हे. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं.

आमच्या महिला मंडळात मी विषय काढला. एका मुलीचा खर्च गुप्तदान म्हणून उचलू, असं बऱ्याच जणी म्हणाल्या. मनानं चांगल्या आहेत. पण एकीचा उचलला तर चोवीस उरतात, आणि बाराशे विद्यार्थ्यांच्या शाळेत दान गुप्त राहतं कुठलं? मी शहापूरला जाऊन त्या बाईला विचारलंच. तिनं पिकोचं मशीन थांबवलं. "तिथं तिला फोटोत उभं करतील अक्का, आणि आल्यावर बोलून दाखवतील," म्हणाली. मी पुढं काही बोलले नाही.

भिशी तिनं उचलली नाही. मुलीनंच नको म्हटलं. सहल गेली त्या सोमवारी पोरगी शाळेला निघेना, पोटात दुखतंय म्हणाली. मंगळवारीही तेच. "औषध दिलं नाही मी," तिची आई मला सांगत होती. "शेक घे म्हटलं, आणि शेजारी बसवून फॉल लावायला शिकवला."