कुळागराच्या कडेची खोली
गोवा म्हटलं की किनारा डोळ्यांसमोर येतो. पण डिचोली-पेडण्याच्या आतल्या गावांत एखाद्या कुटुंबाच्या घरीच मुक्काम करावा, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. कारण तिथला निसर्ग माणसांनी राखलेला आहे. कुळागरच घ्या. झरीचं पाणी पाटाने पोफळींच्या मुळाशी येतं, पोफळीवर मिरवेल चढते, सावलीत केळी वाढतात. कोणता पाट कधी फोडायचा, हे घरच्याच माणसाला ठाऊक. मार्च-एप्रिलात काजूचे बोंडू वेचून रस काढतात, ते पाहुण्याला समजावणारंही तेच. मयेचा तलाव, हरवळेचा धबधबा नकाशावर सापडतो. हे नाही सापडत.

एवढ्यावर गावाचं पोट भरेल का, असं कुणी विचारेल. नुसत्या यावर नाहीच भरणार. डिचोलीने खाणींवर भिस्त ठेवली होती. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. म्हणूनच बागायतीला जोड म्हणून दोन खोल्यांचं उत्पन्न मला मोलाचं वाटतं. बाग टिकली तरच पाहुणा येईल, हे त्या घराला कळतं. दुसरी शंका अधिक खरी आहे. २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरू लागली, पेडण्यातल्या जमिनींवर नजरा वळल्या. उद्या घरगुती पाटीखाली हॉटेलंच उभी राहिली तर? म्हणून मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं, ही अट ढिली होता कामा नये. ज्याला उन्हाळाभर त्याच विहिरीचं पाणी प्यायचं आहे, तो त्या पाण्यावर तरणतलाव भरायला सहजी धजणार नाही.