विकत घेतले, पण आपले झाले का?

दाम मोजून आणलेली वस्तू आपली, हे कोणाला शिकवावे लागत नाही. आळंदीच्या बाजारात टाळांची जोडी घेतली, पैसे चुकते केले, की दुकानदाराचा तिच्यावरचा हक्क संपला. मग तो दुकान बंद करो की गाव सोडो, टाळ वाजायचे थांबत नाहीत. परंतु हल्ली पुस्तके, गाणी, चित्रपट यंत्रावरच विकत घेतात, तेथे हा साधा नियम पुष्कळदा चालत नाही. म्हणून 'विकत' या शब्दाचाच विचार करणे प्राप्त झाले आहे.

अमेरिकेत २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' व 'अ‍ॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या होत्या, त्याच्याकडे तिथले हक्क नव्हते, हे कारण खरे. पैसेही परत केले. तरी लोक संतापले, आणि कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांना जाहीर क्षमा मागावी लागली. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान मिटले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. किंमत परत मिळाली. ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती, त्यांना वर २५ डॉलर.

कोणी म्हणेल, पैसे परत दिले ना, मग तक्रार कसली? वाचकहो, मेख येथेच आहे. पुस्तकाची किंमत विकणारा ठरवतो, हे ठीक. परंतु वाचता वाचता समासात केलेली खूण ही वाचणाऱ्याची मेहनत. तिचा भाव दुसऱ्यानेच, न विचारता, कसा ठरवावा? चोरीचा माल परत न्यायचा झाला, तरी दारात उभे राहून हाक मारावी. घरधनी झोपला असता कडी काढू नये.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा येईल. 'अहो, अवघेच नाशवंत, मग एका पुस्तकाचा एवढा शोक कशाला?' बोलणे गोड आहे, पण जागा चुकली. वैराग्य ज्याचे त्याने अंगी बाणवायचे असते. दुकानदाराने खोटा शब्द वापरावा आणि ग्राहकाला वैराग्य शिकवावे, हा कुठला न्याय? प्रश्न वस्तूच्या मोहाचा नाही, शब्दाच्या खरेपणाचा आहे.

ही गोष्ट कॅलिफोर्निया राज्याने ओळखली. १ जानेवारी २०२५ पासून तेथील कायदा असा, की अशा मालाला 'विकत घ्या' म्हणायचे, तर हा केवळ वापरण्याचा परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. कायमची उतरवून घेता येणारी प्रत मात्र यातून वगळली आहे, आणि ते योग्यच. त्या कायद्याने भाड्याची वस्तू मालकीची होत नाही. पण भाड्याला भाडे म्हटले जाते.

भाड्याने घेण्यात कमीपणा काहीच नाही. धर्मशाळेत आपण राहतोच की! पण ती धर्मशाळा आहे हे ठाऊक असते, म्हणून भिंतीत कोणी ठेव पुरत नाही. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी एवढेच विचारावे: उद्या हे दुकान उठले, तर माझ्यापाशी काय उरेल? जे जन्मभर लागणार, त्याची प्रत आपल्या घरी ठेवावी. बाकीचे खुशाल पाहावे, ऐकावे, आणि मुक्काम हलला की निघावे.